जंगलाचा पडदा

भाऊबीज झाली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मंडई भरू लागते. धान कापणीला आलेलं असतं, बोड्यांमधलं पाणी निवळलेलं असतं आणि वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्यांच्या गाड्या ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरी, कुरखेड्याकडच्या गावांना निघतात. रात्री उशिरा सुरू झालेलं नाटक उजाडेपर्यंत चालतं. लहानपणी अशाच एका मंडपात घोंगडी पांघरून बसलेलो असताना मी आयुष्यातलं पहिलं मोठं चित्र पाहिलं. तो जंगलाचा पडदा होता. निळे डोंगर, मधून कोसळणारा धबधबा आणि दोन्ही बाजूंना माझ्या ओळखीची नसलेली उंच झाडं. मंडपाबाहेर पन्नास पावलांवर खरं जंगल होतं. मोह, ऐन, तेंदू, साग आणि बांबूचं. पडद्यावर त्यातलं एकही झाड नव्हतं. आमच्या जंगलात राहणारा माणूसही नव्हता.

परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली आणि झाडीपट्टी रंगभूमीचं नाव राज्यभर पोचलं. याचा आनंद आहेच. पण त्या रंगभूमीचे पडदे रंगवणाऱ्या हातांची नावं आपल्याला आजही सांगता येत नाहीत. पुढे अमेरिकन चित्रकलेचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा हीच दोन कोडी मला पानोपानी भेटत राहिली. चित्रातल्या जंगलात कोण आहे, आणि कुंचला कोणाच्या हातात आहे? या इतिहासाची पुस्तकं एकामागून एक वादांची नावं सांगत जातात. चंद्रपूर-गडचिरोलीत बसून वाचणाऱ्याला त्यात आधी जंगल दिसतं.

अमेरिकेतही पडदाच होता. १८५९ साली न्यूयॉर्कमध्ये फ्रेडरिक चर्च या चित्रकारानं ‘हार्ट ऑफ द अँडीज’ हे एकच चित्र मांडलं. सुमारे साडेपाच फूट उंच आणि दहा फूट रुंद. काळोखी खोली, चित्रावर सोडलेला उजेड, खिडकीसारखी जाड चौकट आणि तिला लावलेले पडदे. पंचवीस सेंटचं तिकीट काढून तीन आठवड्यांत बारा हजारांवर माणसं ते पाहून गेली. नाटकाला नेतात तशा लहान दुर्बिणी घेऊन लोक त्यातलं पान न् पान निरखत होते. त्याच्याही आधी, १८४० च्या दशकात, जॉन बॅनवर्डनं मिसिसिपी नदीकाठ एका प्रचंड लांब कापडावर रंगवला आणि दोन रुळांवर गुंडाळत, उलगडत तो गावोगाव दाखवला. आपल्या मंडईतल्या प्रेक्षकाला हे सगळं समजावून सांगावं लागणार नाही.

चर्चचे गुरू थॉमस कोल. जन्म इंग्लंडमधल्या गिरणगावांच्या मुलखातला, १८०१ चा. १८२५ साली ते हडसन नदीकाठच्या कॅट्सकिल डोंगरात चित्रं काढायला गेले आणि तिथून अमेरिकन निसर्गचित्राची जी परंपरा सुरू झाली तिला ‘हडसन रिव्हर स्कूल’ हे नाव पडलं. युरोपकडे जुनी देवळं, किल्ले, राजवाडे होते. या नव्या देशानं आपलं जंगलच देवळाच्या जागी मांडलं. कोल यांचं १८३६ चं ‘द ऑक्सबो’ पाहा. डावीकडे वादळात वाकलेलं, तुटक्या खोडांचं रान आणि उजवीकडे उन्हात न्हालेली, चौकोनी आखलेली शेतं. मध्ये नदीचा मोठा बाक. रान हटतंय आणि शेत पुढे सरकतंय, याचा अभिमान आणि हळहळ एकाच कॅनव्हासवर आहे. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या निबंधात कोल यांनी कुऱ्हाडीनं होणाऱ्या नासाडीबद्दल खंतही बोलून दाखवली. मी त्यांना मोठा चित्रकार मानतो. पण ते रान कोणाचं होतं, हे या चित्राला विचारलं तर ते गप्प बसतं. १८३० सालीच मूळ रहिवाशांना मिसिसिपीच्या पलीकडे हुसकावणारा कायदा झालेला होता.

पुढच्या पिढीतल्या आल्बर्ट बियरस्टाटनं मूळ रहिवाशांना चित्रात घेतलं. ‘द रॉकी माउंटन्स, लँडर्स पीक’ या त्याच्या १८६३ सालच्या चित्रात बर्फाच्या शिखराखाली शोशोनी लोकांची अख्खी वस्ती आहे. तंबू, घोडी, शिकार, बायका-मुलं. सगळं शांत, जणू काळ थांबलेला. त्याच १८६३ च्या २९ जानेवारीला आजच्या आयडाहो राज्यात बेअर नदीकाठी अमेरिकी सैन्यानं शोशोनींच्या हिवाळी मुक्कामावर हल्ला करून शेकडो माणसं मारली. एकीकडे चित्रात माणसं अमर होत होती आणि दुसरीकडे नदीकाठी मरत होती. ही तारीख कळल्यापासून मला ते शिखर पूर्वीसारखं पाहता आलेलं नाही.

याच्या पाचच वर्षं आधी आमच्याकडे, २१ ऑक्टोबर १८५८ रोजी, इंग्रजांविरुद्ध उठलेल्या बाबूराव शेडमाके यांना चांद्याच्या तुरुंगात पिंपळाला फाशी दिलं गेलं. चांदा म्हणजे आजचं चंद्रपूर, गोंड राजांची राजधानी. जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर, बिनबा या वेशींवर हत्तीवर मात करणारा सिंह आजही कोरलेला दिसतो. ज्यांनी वेशीवर अशी खूण कोरली, त्यांचेच वंशज पुढे सरकारी दप्तरात ‘जंगलातले लोक’ होऊन बसले.

जॉर्ज कॅटलिन या चित्रकाराची गोष्ट इथे सांगायलाच हवी. १८३० च्या दशकात तो मिसुरीच्या खोऱ्यात हिंडला आणि मूळ रहिवाशांची पाचशेच्या घरात चित्रं त्यानं केली. १८३२ साली त्यानं एक कल्पना मांडली की सरकारनं इथे एक ‘राष्ट्राचं उद्यान’ राखावं, ज्यात जनावरं असतील आणि माणसंही. राष्ट्रीय उद्यान हा शब्द जन्माला येण्याआधीची ही कल्पना. ती मोठी होती, आणि तिच्यात खोटही होती, कारण कॅटलिनला ती माणसं त्यांच्या पारंपरिक वेषात, जगाला बघता येतील अशी ठेवायची होती. तिथे ती प्रदर्शनात मांडल्यासारखी राहिली असती. जंगलाचा कारभार त्यांच्या हाती येणार नव्हता.

प्रत्यक्षात जे उद्यान झालं त्यातून तर माणूसच गेला. १८७१ साली फर्डिनांड हेडन यांच्या सरकारी पाहणी पथकाबरोबर टॉमस मोरान हा चित्रकार आणि विल्यम हेन्री जॅक्सन हा छायाचित्रकार यलोस्टोनला गेले. मोरानची जलरंगातली चित्रं आणि जॅक्सनची छायाचित्रं वॉशिंग्टनमध्ये लोकप्रतिनिधींना दाखवली गेली. १ मार्च १८७२ रोजी यलोस्टोन हे राष्ट्रीय उद्यान झालं आणि त्याच वर्षी मोरानचं दरीचं बारा फुटी तैलचित्र अमेरिकन संसदेनं दहा हजार डॉलरला विकत घेतलं. चित्रांच्या जोरावर कायदा झाल्याची इतकी स्वच्छ उदाहरणं जगात थोडी असतील. त्या डोंगरात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या, रानमेंढ्यांची शिकार करणाऱ्या शोशोनींना पुढच्या काही वर्षांत बाहेर काढलं गेलं.

ताडोबाकडे जाताना हे आठवल्याशिवाय राहत नाही. १९५५ साली ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं, ११६ चौरस किलोमीटरचं. १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. नाव कोणाचं? तारू या गोंड गावप्रमुखाचं. तो वाघाशी झुंजताना मेला आणि लोकांनी त्याला देव केलं, अशी कथा आहे. तलावाकाठी मोठ्या झाडाखाली त्याचं ठाणं आहे आणि पौषात आदिवासी तिथे दर्शनाला येतात. म्हणजे ज्या जंगलाचं नावच माणसाचं आहे, त्यातून बोटेझरी, नवेगाव, जामणी अशी गावं हलली. वाघ वाचायला हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही; गावकऱ्यांची गुरं आणि माणसंही वाघाच्या तोंडी पडली आहेत, हेही खरं. पण जंगलाचं चित्र माणसाविना काढायची सवय एकदा डोळ्याला लागली की माणूस हलवणंही सोपं वाटू लागतं. याच्या नेमकं उलट चित्र गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखानं दाखवलं. २००९ साली वनहक्क कायद्याखाली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर या गावाला सामूहिक हक्क मिळाला. कॅटलिनच्या उद्यानात जे नव्हतं ते इथे आहे: माणूस जंगलात आहे आणि निर्णय त्याचा आहे.

ताडोबाच्या मोहर्ली दाराकडे जाणारा चंद्रपूरचा रस्ता दुर्गापूरवरून जातो. एका बाजूला कोळशाची खुली खाण, मातीचे उपसलेले डोंगर, आणि औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या. २९२० मेगावॅटचं केंद्र. काही किलोमीटरवर वाघाचं राज्य सुरू होतं. अमेरिकेत चार्ल्स शीलर या चित्रकारानं १९३० साली फोर्ड कंपनीच्या रूज कारखान्याचं चित्र केलं. चिमणी, रेल्वेचे डबे, खडीचा ढीग, पाण्याचा कालवा, सगळं काटेकोर आणि निर्मनुष्य. फक्त रुळांवर मुंगीएवढा एक माणूस. चित्राचं नाव त्यानं ठेवलं ‘अमेरिकन लँडस्केप’. हडसनच्या झाडांपासून या चिमणीपर्यंत शंभर वर्षं. या दोघांच्या मधल्या काळात बरंच काही झालं: विन्स्लो होमरचा समुद्र, टॉमस ईकिन्सची शस्त्रक्रियेच्या खोलीतली कठोर वास्तवता, १९०८ साली न्यूयॉर्कच्या गल्ल्या आणि धुणी वाळणारे गच्च्या-सज्जे रंगवणारे ‘अ‍ॅशकॅन’ मंडळी, १९१३ च्या आर्मरी प्रदर्शनातून युरोपच्या आधुनिकतेनं दिलेला धक्का. ग्रँट वूड आणि टॉमस हार्ट बेंटन यांनी याच काळात खेड्याकडे तोंड वळवलं. या सगळ्यांवर वेगवेगळे लेख होऊ शकतील. मला घाई आहे ती जेकब लॉरेन्सपर्यंत पोचायची.

लॉरेन्स हा न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतला कृष्णवर्णीय मुलगा. तेविसाव्या वर्षी, १९४०-४१ मध्ये, त्यानं साठ छोट्या फळ्यांवर एक मालिका केली. दक्षिणेतल्या कापसाच्या शेतांतून लाखो कृष्णवर्णीय उत्तरेच्या कारखान्यांकडे गेले, त्या स्थलांतराची. साठही फळ्या समोर मांडून तो एक रंग घ्यायचा आणि सगळ्यांवर तो लावून झाला की पुढचा घ्यायचा. म्हणून पहिल्या फळीवरचा पिवळा आणि साठाव्या फळीवरचा पिवळा एकच आहे. गाठोडी, स्टेशन, गर्दी, रिकामं घर. आज निम्मी मालिका न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आणि निम्मी वॉशिंग्टनच्या फिलिप्स संग्रहात आहे. धान निघालं की आमच्या जिल्ह्यांतली कुटुंबंच्या कुटुंबं मिरची तोडायला तेलंगणात जातात. गाठोडी तीच, लेकरं तशीच कडेवर. आमच्या या मिरचीवाटेची साठ चित्रं कोणी काढील, याची मी वाट पाहतो आहे.

लॉरेन्सला आणि त्याच्यासारख्या हजारोंना त्या काळात जगवलं ते सरकारनं. महामंदीत १९३५ साली सुरू झालेल्या ‘फेडरल आर्ट प्रोजेक्ट’नं चित्रकारांना आठवड्याला चोवीसेक डॉलर पगार दिला. रस्ते बांधणारा जसा मजूर, तसाच चित्र काढणाराही, असा त्यामागचा विचार होता. जॅक्सन पोलॉक, मार्क रॉथको, ली क्रॅस्नर हे सगळे त्या पगारावर जगले. दुसऱ्या एका सरकारी योजनेतून देशभरच्या हजारावर पोस्ट ऑफिसांच्या भिंती रंगल्या. ओक्लाहोमातल्या अ‍ॅनाडार्को या छोट्या गावाच्या पोस्टात १९३७ च्या सुमारास किओवा जमातीच्या स्टीव्हन मोपोप यानं आपल्या जातभाईंच्या साथीनं सोळा चित्रं रंगवली. पत्र टाकायला आलेल्या किओवा माणसाला आपली माणसं, आपल्याच माणसानं काढलेली, सरकारी भिंतीवर दिसू लागली.

आता चंद्रपूर स्टेशनवर या. २०१८ साली रेल्वे मंत्रालयाच्या सुशोभीकरण स्पर्धेत बल्लारशाह आणि चंद्रपूर या स्थानकांना मिळून पहिलं, दहा लाखांचं बक्षीस मिळालं. मधुबनी आणि मदुराई दुसऱ्या क्रमांकावर राहिली. भिंतींवर ताडोबा उतरलेला आहे आणि सगळ्यांत आधी डोळ्यांत भरतो तो वाघ. गाडीची वाट बघणारी मुलं त्याच्यापाशी उभी राहून फोटो काढतात. पान थुंकण्याची जागा चित्रानं घेतली, ही लहान गोष्ट नाही. भिंत चित्रासाठी असते हे आमच्या जिल्ह्याला या स्टेशनांनी शिकवलं.

पोलॉकचा जन्म १९१२ चा, वायोमिंगमधल्या कोडी गावचा. कोडी म्हणजे यलोस्टोनचं पूर्वेकडचं दार. १९४१ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात मूळ रहिवाशांच्या कलेचं मोठं प्रदर्शन झालं. तिथे नावाहो कलावंत जमिनीवर बसून चिमटीतून रंगीत वाळू सोडत चित्रं काढत होते. नावाहोंची वाळूचित्रं मुळात आजाऱ्याला बरं करण्याच्या विधीतली असतात आणि विधी संपला की ती मोडतात. पुढे १९४७ पासून पोलॉकनं कॅनव्हास जमिनीवर अंथरला आणि भोवती फिरत रंग ओघळवत नेला, तेव्हा वाळूचित्रांचं ऋण त्यानं स्वतःच मान्य केलं. आपल्याकडे दारात रांगोळी घालणाऱ्या बाईला हे तंत्र नवं नाही. बोट जमिनीला न टेकवता रेघ सोडायची, चुकली तर पुसायची सोय नाही, आणि संध्याकाळपर्यंत ती मोडणार हे माहीत असतं. पोलॉकचं नाव जगभर झालं. नावाहो गायब झाले नाहीत, पण इतिहासात तळटीप होऊन राहिले.

पोलॉक, रॉथको यांच्या अमूर्त चित्रांच्या लाटेचा एक धागा थेट विदर्भातून जातो. वासुदेव गायतोंडे यांचा जन्म १९२४ चा, नागपूरचा. घराणं गोव्याचं, शिक्षण मुंबईच्या जे.जे.मध्ये. १९६४ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले आणि तिथे रॉथकोच्या स्टुडिओत त्यांची भेट झाली. ‘रॉथकोमुळे गायतोंडे घडले’ असं सर्रास बोललं जातं, ते मला साफ चुकीचं वाटतं. आधुनिक कला संग्रहालयानं त्यांचं १९६२ चं चित्र १९६३ मध्येच घेतलेलं होतं, म्हणजे माणूस पोचण्याआधी त्याचं चित्र तिथे पोचलं होतं. रोलर आणि सुरीनं रंगाचे थर चढवत, खरवडत त्यांनी जे निर्माण केलं त्याला ते ‘अमूर्त’ म्हणू देत नसत. वस्तूचा संबंधच नसलेलं चित्र, असं ते मानत. २०१४ च्या ऑक्टोबरात गुगेनहाइम संग्रहालयानं त्यांचं सिंहावलोकन प्रदर्शन भरवलं. मराठी वाचकांपर्यंत हे गायतोंडे पोचवण्याचं काम सतीश नाईक यांच्या ‘चिन्ह’ या कलाविषयक नियतकालिकानं केलं.

या धाग्यावरचे दुसरे चित्रकार सय्यद हैदर रझा. जन्म १९२२, मंडला जिल्ह्यातल्या बाबरियाचा. वडील वनखात्यात. तेव्हा मंडला आणि चांदा दोन्ही मध्य प्रांतात, एकाच गोंडवनात. चंचल मुलाचं मन एकाग्र व्हावं म्हणून शिक्षकानं भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे बघत बसायला सांगितलं, ही आठवण रझांनी आयुष्यभर सांगितली. ते नागपूरच्या कलाशाळेत शिकले, मग जे.जे., मग पॅरिस. १९६२ साली कॅलिफोर्नियात बर्कलेला शिकवायला गेले असताना त्यांनी अमेरिकन अमूर्त चित्रं जवळून पाहिली, रॉथको पाहिला, आणि रंग मोकळा झाला. पण परत फिरून ते पोचले त्या ठिपक्याशीच, आणि २०१६ साली मंडल्यातच विसावले. तिसरे शंकर पळशीकर, जन्म १९१६, साकोलीचा. म्हणजे अस्सल झाडीपट्टीतला. जे.जे.चे अधिष्ठाता झाले, भारतीय आधुनिक चित्रकारांच्या कित्येक पिढ्यांना त्यांनी शिकवलं. साकोलीपासून वडसा फार लांब नाही. तरी आमच्या शाळांतल्या मुलांना हे नाव ठाऊक नसतं, याचं मला वाईट वाटतं.

अँडी वॉरहॉलचे १९६२ चे बत्तीस सूपचे डबे आणि त्यानंतरचे वाद मी इथे सोडून देतो. मला परत कुंचल्याकडे यायचं आहे.

१९५८ साली ऑस्कर हाउ या डकोटा चित्रकारानं ओक्लाहोमातल्या एका स्पर्धेला चित्र पाठवलं. कोनदार, तुकड्यातुकड्यांचं, वेगवान. परीक्षकांनी ते बाद केलं. कारण, हे ‘पारंपरिक इंडियन शैली’त नाही. हाउनं संतापून पत्र लिहिलं आणि त्या पत्रानं पुढच्या पिढीचा रस्ता मोकळा केला. आपल्याकडे १९८० च्या दशकाच्या आरंभी पाटणगढचा परधान गोंड तरुण जनगढसिंह श्याम भोपाळच्या भारत भवनात आला. चित्रकार जे. स्वामीनाथन यांच्या चमूनं त्याला शोधलं होतं. भिंतीवरची, गाण्यातली दैवतं त्यानं कागदावर आणली आणि एक शैलीच जन्माला घातली. १९८९ मध्ये त्याची चित्रं पॅरिसला गेली. २००१ साली जपानमधल्या एका संग्रहालयात काम करत असताना तो तिथेच गेला. आज त्याच्या ठिपक्या-रेघांची नक्कल पिशव्यांवर, चहाच्या कपांवर विकली जाते. चंद्रपूर-गडचिरोलीतही ‘आदिवासी चित्र’ म्हटलं की तीच नक्कल भिंतीवर चढते. परधान आमच्याकडेही आहेत, पण भामरागडच्या माडियांचं लाकूडकाम, मृतांसाठी उभ्या केलेल्या शिळा, दारं-खांबांवरची कोरणी, यांची भाषा वेगळी आहे. माडिया पोरानं पाटणगढसारखंच रंगवावं ही अपेक्षा म्हणजे हाउला बाद करणाऱ्या परीक्षकांचाच निकाल आहे.

वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनानं मूळ रहिवासी चित्रकाराचं पहिलं रंगचित्र विकत घेतलं ते २०२० साली. जॉन क्विक-टू-सी स्मिथ या बाईंचं, १९९२ चं. संसदेनं मोरानच्या चित्राला दहा हजार डॉलर मोजले त्याला तेव्हा १४८ वर्षं होऊन गेली होती.

आपल्याला एवढा वेळ लावायचं कारण नाही. गडचिरोली जिल्ह्यात आज रेल्वेचं स्थानक आहे ते वडशाला. गडचिरोली शहरापर्यंत रेल्वे अजून पोचलेली नाही. सुमारे ५२ किलोमीटरच्या वडसा-गडचिरोली मार्गाचं काम चालू आहे. गाडी पोचेल तेव्हा तिथल्या स्थानकाच्या भिंती कोऱ्या असतील. त्या रंगवायचं काम रेल्वेनं आणि जिल्हा प्रशासनानं कंत्राटदाराला देऊ नये. भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरचीच्या माडिया आणि गोंड मुलामुलींना बोलवावं, पुरेसा वेळ आणि पुरता मोबदला द्यावा, काय काढायचं ते त्यांना ठरवू द्यावं. आणि प्रत्येक चित्राखाली काढणाऱ्याचं नाव आणि गाव लिहावं, फलाटावर उभ्या माणसाला वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात.